लोकप्रियतेतील प्रयोग आणि आपली समीक्षा

बीटल्स या वाद्यवृंदाने १९६७ साली 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' ही ध्वनिमुद्रिका काढली, तेव्हा तिच्या वेष्टनावर गीतांचे शब्दही छापले होते. गाणे ही ऐकण्याइतकीच वाचण्याचीही वस्तू आहे, असा दावा त्यामागे होता. पुढे 'आर्ट रॉक' या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रवाहाची ही एक ठळक खूण. कलात्मक प्रयोग आणि लोकांच्या ओठी बसणारी चाल ही परस्परविरोधी मूल्ये नव्हेत, हे त्या प्रवाहाने गृहीत धरले. आपल्या नाट्यसमीक्षेने मात्र 'प्रायोगिक' आणि 'व्यावसायिक' अशी विभागणी करून नेमके याच्या उलट गृहीत धरले आहे. ही विभागणी तपासून पाहण्याची गरज आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रहिमतपूर येथे जन्मलेल्या वसंत कानेटकरांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. रविकिरण मंडळातील कवी गिरीश यांचे हे पुत्र. नाशिकला प्राध्यापक. 'मत्स्यगंधा' (१९६४) या नाटकाची पदे त्यांनी स्वतः लिहिली आणि जितेंद्र अभिषेकी यांनी ती संगीतबद्ध केली. तानांच्या विस्तारापेक्षा शब्दाच्या भावाला महत्त्व देणारी ही आटोपशीर पदे नाट्यगृहाबाहेरही घरोघरी पोहोचली. 'लेकुरे उदंड जाहली' (१९६६) मध्ये तर हेच कवी-संगीतकार पौराणिक कथेतून अपत्यहीन जोडप्याच्या आधुनिक सुखात्मिकेकडे वळले. तेथे संवाद कोठे संपतो व गाणे कोठे सुरू होते, ही सीमाच पुसट होते. संगीत नाटकाच्या परंपरेत हा मोठाच प्रयोग होता. पण तो हसत-खेळत झाल्यामुळे त्याची नोंद 'रंजन' या सदरात झाली.

वस्तुतः अशा मिश्रणाला दीर्घ वंशावळ आहे. जॉन गेने १७२८ मध्ये 'द बेगर्स ऑपेरा'साठी लोकांच्या तोंडी असलेल्या चाली उचलल्या. दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याच कथेवरून 'थ्रीपेनी ऑपेरा' रचताना जॅझ व नृत्यगृहातील संगीत वापरले. याच जोडीचे एक गीत 'द डोअर्स' या रॉक वाद्यवृंदाने १९६७ च्या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत घेतले. मराठीत हा धागा पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'पर्यंत (१९७८) येतो. जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी बसविलेल्या त्या प्रयोगात नंदू भेंडे यांच्यासारखा रॉक गायक रंगमंचावर उभा राहिला. ब्रेख्तचे नाव असल्यामुळे या नाटकाला आपण बिनदिक्कत 'प्रायोगिक' म्हणतो. मग 'लेकुरे'ला हा मान नाकारण्याचे कारण तेथील गाणी आहेत की तिकीट खिडकीवरील गर्दी?

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. ध्वनिमुद्रिका हा नाट्यप्रयोग नव्हे, आणि संगीताचे मूल्यमापन हे मराठी विभागाचे कामही नव्हे. आक्षेपाचा पहिला भाग मान्य केला पाहिजे. मुद्रिकेत अभिनय नसतो, प्रेक्षक नसतो. परंतु कोणते अक्षर लांबविले, श्वास कोठे घेतला, यमकावर ठेका पडला की त्याला बगल दिली, हे सारे तिच्यात टिकून राहते. हा छंदःशास्त्राचाच विषय आहे. ओवी आणि अभंग गेयतेशिवाय समजत नाहीत असे आपण वर्गात सांगतो. तोच न्याय नाट्यपदाला लावण्यास संकोच का व्हावा? छापील पुस्तकात 'लेकुरे'ची पदे हलकीफुलकी पद्यरचना वाटतात. त्यांतील प्रयोग शब्द आणि लय यांच्या संबंधात आहे, आणि तो कानांनीच वाचावा लागतो.

तेव्हा मागणी माफक आहे. पदव्युत्तर वर्गात संगीत नाटक शिकविताना पदांची पाने उलटून पुढे जाऊ नये. ती ऐकवावीत आणि ऐकताना संहिता समोर ठेवावी. विभागाच्या ग्रंथालयात नाटकाच्या पुस्तकाशेजारी त्याचे ध्वनिमुद्रण असावे. जे पद संवादाने साधले नसते असे काही साधते ते प्रयोगशील, मग ते किती ओठांवर बसले हा प्रश्न गौण आहे. हा निकष स्वीकारला तर कानेटकरांविषयीचे आपले काही निर्णय बदलावे लागतील. ते बदलण्याची तयारी ठेवणे, हेच अभ्यासकाचे कर्तव्य होय.