तळपदे यांचे विमान आणि आपला आळस

१/५
वैतरणेचा पूल ओलांडून बोईसरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तोच संदेश पुन्हा पुन्हा फिरतो: १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवले. विश्वासार्ह समकालीन पुरावा? अद्याप कोणीही दाखवलेला नाही.

२/५
या दंतकथेसोबत ‘वैमानिक शास्त्र’ पुढे केले जाते. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी त्यातील विमाने तपासली. ती उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला.

३/५
आता नोंद असलेला इतिहास पाहा. २००७ साली आयआयटी मुंबईच्या तरुणांनी ‘आयडियाफोर्ज’ ही छोटी कंपनी काढली. डीआरडीओसह टेहळणीचे मानवरहित ‘नेत्र’ घडवले. जानेवारी २०२१ मध्ये लष्कराने त्यांच्या ‘स्विच’साठी सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला.

४/५
अमेरिकेने सरकारी संशोधननिधीचा काही वाटा छोट्या उद्योगांसाठी कायद्याने राखला तो १९८२ मध्ये. संरक्षणातील नवउद्योगांसाठी आपली ‘आयडेक्स’ योजना आली २०१८ मध्ये. मधल्या ३६ वर्षांचा जाब कोणी विचारला?

५/५
पूर्वजांनी सारे शोधूनच ठेवले असेल, तर संवेदकांच्या प्रयोगशाळेसाठी निधी मागायचा कशाला? दंतकथेची खरी किंमत ही आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उद्या असा कारखाना उभा राहावा असे वाटत असेल, तर मित्रहो, संदेश पुढे ढकलण्यापूर्वी एकच विचारा: नोंद कुठे आहे?