पक्क्या घराचा कच्चा हिशोब



कापसाचे चार पैसे हातात राहिले की आपल्या घरात पहिली गोष्ट निघते ती स्लॅबची. पोरीचे लग्न उरकले, सोसायटीचे नवेजुने झाले, आता धाब्याची माती उतरवायची आणि स्लॅब टाकायचा. यात काही चूक नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो जीव गेले. तेव्हापासून मातीच्या छपराखाली निजताना छातीत धस्स होते, ते आम्हालाही होते. पण स्लॅब म्हणजे पक्के, आणि पक्के म्हणजे नातवंडांपर्यंत बघायला नको, हा जो समज आपण करून घेतला आहे, तो आपल्याला महागात पडतो आहे.

गेल्या वैशाखात एका कार्यकर्त्याकडच्या लग्नासाठी आम्ही काही मंडळी आंबा घाट उतरून देवरूखला गेलो होतो. आपल्याकडे चार-पाच वर्षांत मिळून पडतो तेवढा पाऊस तिथे एका पावसाळ्यात कोसळतो. यजमानांच्या घराचे दोन भाग. मागचा त्यांच्या आजोबांनी बांधलेला, जांभ्या दगडाचा, वर कौले. पुढचा वीस-बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या पैशातून झालेला, स्लॅबचा. मागच्या घराची कौले दरवर्षी चाळावी लागतात, तेवढेच. पुढच्या घरात मात्र डोक्यावर स्लॅबचे पोपडे सुटलेले, आतल्या सळया उघड्या पडून तांबरलेल्या आणि स्लॅबच्या वर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातलेले. यजमान हसून म्हणाले, "स्लॅब घातला पावसासाठी, आता पत्रा घातला स्लॅबसाठी."

आम्ही हसलो, पण परतीच्या वाटेवर गाडीत हाच विषय. हे होते कशाने?

सिमेंट वाळून घट्ट होत नाही. ते पाणी पिऊन घट्ट होते. त्याला जेवढे पाणी लागते ते अगदी थोडे, पोत्याच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतके. त्यावर थोडे अधिक घालावे लागते, नाहीतर माल सळयांमध्ये बसत नाही. 50 किलोच्या पोत्याला एकूण 25 ते 27 लिटर, बस्स. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. 1918 साली डफ अब्राम्स नावाच्या अमेरिकन अभियंत्याने हे दाखवून दिले, तरी आजही स्लॅबच्या दिवशी मिक्सरवरचा गडी पाइप सोडून उभा असतो. भाकरीच्या पिठात पाणी जास्त झाले तर भाकरी थापताच येत नाही, मायबहिणींना लगेच कळते. काँक्रिटचे उलटे आहे. पातळ माल सुरेख पसरतो, काम भरभर उरकते, मजुरी वाचते, आणि घरमालक खूश! पंचवीसचे पस्तीस लिटर झाले की ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास घटते, हे त्या दिवशी दिसत नाही. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक बारीक वाटा ठेवून जाते. त्याच वाटांनी पुढे ओल आणि हवा आत शिरते. काँक्रिट ताजे असते तोवर त्याच्यातल्या चुनखारेपणामुळे सळईला गंज चढत नाही. हवेतला कर्बवायू हळूहळू तो खारेपणा मारत सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपले. गंजलेले लोखंड फुगते, मूळच्या कितीतरी पट जागा मागते आणि खालचा पापुद्रा फोडून काढते. सळईखाली पाऊण इंचाचे कव्हर ठेवायचे सांगतात ते यासाठी. पण किती ठिकाणी सळई थेट फळीवर टेकलेली आम्ही पाहिली आहे!

हे फक्त गरिबाच्या घराचे दुखणे नाही. गोव्यात मांडवीवरचा पणजीचा पूल 1970 साली खुला झाला आणि जुलै 1986 मध्ये पडला. खाऱ्या हवेने आतले पोलाद खाल्ले होते. तिथून जवळच पणजीहून रायबंदरला जाणारा जांभ्याचा पूल 1634 चा, पोर्तुगिजांनी बांधलेला. तो आजही वापरात आहे. पण म्हणून सिमेंट वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. देवरूखच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीपलीकडे कोयनेचे 103 मीटर उंचीचे धरण दगड-काँक्रिटचेच आहे. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात त्याला आडव्या भेगा गेल्या, कोयनानगरची घरे पडली, पण धरण उभे राहिले. मग भेगा भरल्या, मागून टेकू देऊन ते बळकट केले. जिथे माप आणि देखभाल होती तिथे ते टिकले.

आता आपल्याकडे या. आपली अडचण देवरूखच्या नेमकी उलटी. तिथे पाणी हटत नाही, इथे ते मिळत नाही. ओतलेला स्लॅब किमान सात दिवस, आपल्या उन्हाळ्यात दहा दिवस आणि राखेच्या सिमेंटला शक्यतो चौदा दिवस सतत ओला हवा. वर आळी करून पाणी तुंबवायचे, वाफे भरतो तसे. पण कापसाचा पैसा हाती येतो माघ-फाल्गुनात, स्लॅब पडतो चैत्र-वैशाखात, तेव्हा विहीर तळाला आणि टँकरचे पाणी विकतचे. दोन दिवस शिंपडले की झाले. फुलोऱ्यात पाणी तुटलेल्या ज्वारीचे जे होते तेच त्या स्लॅबचे होते. त्यात आपली काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी भेगाळते, आणि मुरमापर्यंत पाया न नेलेले घर तिच्याबरोबर वरखाली होते. भिंत तडकली की ओलीला आयतीच वाट.

आणि सरकारी घरकुल? त्याचा हप्ता ऋतू बघून सुटत नाही. जमिनीला वाफसा आला की पेरतो, तसा विहिरीला पाणी असताना म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात स्लॅब पडेल असा हप्ता द्या, एवढी साधी मागणी जिल्हा बैठकीत ठरावाने करावी असे आमचे म्हणणे आहे. दुसरे, गावाच्या नाल्यावर जो सिमेंट बंधारा होतो, त्याच्या मालाचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे 28 दिवसांनी फोडून ताकद तपासतात. त्याचे कागद असतात. 2005 च्या माहितीच्या कायद्याने ते मागता येतात. दोन-तीन पावसाळ्यांत बंधाऱ्याचे खडे उघडे पडले की आपण गुत्तेदाराला शिव्या घालून घरी येतो. कागद मागत नाही.

येत्या मार्गशीर्षात आमच्यातल्याच एका कास्तकाराचा स्लॅब पडायचा आहे. तेलाचा रिकामा डबा धुऊन, मापाने पाणी ओतून त्याने आतून 13 लिटरवर खिळ्याने रेघ मारून ठेवली आहे. पोत्याला दोन डबे, तिसरा नाही. मिस्त्री कुरकुरतो आहे, माल आवळ होईल म्हणतो. त्या दिवशी डब्याजवळ घरची म्हातारी बसणार आहे.