मुक्या बंदुकीचे मोल

छंदाला मोल नसते असे म्हणतात, परंतु प्रतिष्ठा मात्र असते. पोस्टाची तिकिटे जमवणारा मुलगा हुशार समजला जातो, जुनी नाणी जमवणारा विद्वान ठरतो. पण मी जुन्या बंदुकांचे साहित्य जमवतो असे सांगितले, की ऐकणारा दोन पावले मागे सरकतो आणि विचारतो, "उडते का रे?" नाही म्हटले की दुसरा प्रश्न ठरलेला : "मग ठेवतोस कशाला?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

माझ्या पेटीत बंदूक एकही नाही. आहे ते तिचे गणगोत. दारू ठेवायचे एक शिंग, दारू मोजायचे माप, गोळ्या ओतायचा लोखंडी साचा, दोन गारगोट्या, एक गज आणि पोर्तुगीज शिपायाच्या पट्ट्याचे पितळी बक्कल. ठासणीची बंदूक एकदा उडवायची म्हणजे केवढा खटाटोप! मापाने दारू मोजून नळीत ओतायची, वर शिशाची गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानावर रंजक घालायची आणि मग तोड्याने, म्हणजे सुताच्या जळत्या वातीने, ती पेटवायची. पुढे वातीच्या जागी गारगोटीची ठिणगी आली, एकोणिसाव्या शतकात केप आली, आणि शेवटी हे सगळे एका नळकांड्यात बसवणारे काडतूस आले. 'काडतूस' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. 'पिस्तूल'ही त्याच वाटेने. साचा तर फार बोलका. कारखान्यातल्या काडतुसाचे दिवस येण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीचे तोंड वेगळे आणि म्हणून प्रत्येकीचा साचाही वेगळा. घरातल्या चुलीवर शिसे वितळवून कुणीतरी बसलेले असे, हे तो साचा हातात घेतल्याशिवाय ध्यानात येत नाही.

आता हे सारे आमच्याच भागात का शोधायचे? आमचे कारापूर डिचोली तालुक्यात. वाळवंटी नदीच्या एका काठाला साखळी, दुसऱ्या काठाला आमच्या गावचे विठ्ठलापूर. शेजारी सत्तरी. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला आणि तो तीन वर्षे चालवला. १८९५ मध्ये मोझांबिकला जाण्याचा हुकूम झालेले मराठा शिपाई बिथरले, तेव्हा दादा राणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि बंदूक ही आमच्याकडे केवळ बाहेरून आलेली वस्तू नव्हे! १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर आफोंसो द आल्बुकेर्क याने पोर्तुगालच्या राजाला कळवले होते, की इथले कारागीर बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका घडवतात. त्या कारागिरांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. शिगम्यात घोडेमोडणीचे वीर तलवार घेऊन नाचतात, खंडेनवमीला घरोघरी शस्त्रांची पूजा होते. पण पूजा वेगळी आणि माहिती वेगळी. पाटावर मांडलेल्या वस्तूला आपण गंध लावतो. ती कुणी घडवली आणि कुणी वापरली, हे विचारत नाही.

हे ज्ञान आज दोन वाटांनी नाहीसे होत आहे. एक वाट भंगाराची. एका घरातले पितळी दारूपात्र मी पोचण्याच्या आठवडाभर आधी वजनावर गेले. मिळालेल्या पैशात दोन दिवसांचे मासळीसुद्धा आले नसेल. दुसरी वाट भीतीची. "पोलीस येतील" म्हणून वाडवडिलांची वस्तू विहिरीत किंवा नदीत टाकल्याच्या गोष्टी आमच्याकडे हळू आवाजात सांगितल्या जातात.

वस्तुतः कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र कायद्याचे ४५ वे कलम सांगते, की जुन्या पद्धतीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके शस्त्र, जर दुरुस्ती करूनही उडू शकत नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. किरकोळ सुटे भागही, ते पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसेल तर, याच कलमात वगळले आहेत. मात्र 'दुरुस्ती करूनही' हे दोन शब्द विसरता कामा नयेत. गंज चढला म्हणजे बंदूक मेली असे नव्हे. २०१५ मध्ये पॅरिसच्या हल्ल्यात, निकामी म्हणून विकलेल्या बंदुका पुन्हा चालत्या करून वापरल्या गेल्या, आणि त्याच वर्षी युरोपीय संघाला बंदूक निकामी कशी करावी याचे समान नियम घालावे लागले. म्हणून अख्खी बंदूक सापडली तर निवाडा आपण करू नये, अधिकाऱ्यांना विचारावे. आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे धरून चालावे. कोरडी राहिलेली दारू पिढ्या ओलांडूनही पेट घेते.

माझे भांडण आणखी एका मंडळींशी आहे. ती म्हणजे वस्तू घासूनपुसून लखलखीत करून दिवाणखान्यात टांगणारे हौशी संग्राहक. गंजाबरोबर छापही जातो. पोर्तुगीज सैन्याची १८८६ ची क्रोपाचेक रायफल ऑस्ट्रियातल्या स्टायर गावी बनली. हा प्रवास तिच्यावरचा ठसा सांगतो. तो पुसला की उरते नुसते लोखंड. कुठल्या घरातून आली, कुणाची होती, हे लिहिलेला कागद जवळ नसेल तर सर्वांत सुंदर वस्तूही अनाथच.

कुणी म्हणेल, हिंसेच्या साधनांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या कन्नड विभागातले मित्र कोडगूचे उदाहरण देतात. तिथल्या कोडवांना परवान्यातून सूट आहे, कैलपोदला ते बंदुकीची फुले वाहून पूजा करतात, आणि बंदूक तिथे घराची मानाची वस्तू आहे. मला आमच्याकडे ती सूट नको. चालती बंदूक माणसाला ताठ करते, मुकी बंदूक विचार करायला लावते. एक गोळी सोडायला किती वेळ लागे हे कळले, की उठाव करणाऱ्यांचे धैर्य आणि त्यांची असहायता दोन्ही एकदम समजतात. हे शिकायला नळी बंद केलेलीच बरी.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या ग्रंथालयात एक काचेचे कपाट मोकळे करता येणार नाही का? त्यात शिंग असेल, साचा असेल, तोसदान असेल, आणि प्रत्येकाखाली मराठीत व कन्नडमध्ये चार ओळी. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर आजीला माळ्यावर काय काय आहे ते विचारा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून आणा. वस्तू मागाहून आली तरी चालेल. सांगणारी माणसे मात्र थांबणार नाहीत.