उमेदवारी गटाची, कसोटी कार्यकर्त्याची

लोकशाहीची चर्चा आपल्याकडे बहुधा दिल्लीत सुरू होते आणि मुंबईपर्यंत येऊन थांबते. त्यापलीकडे ती क्वचितच जाते. वास्तविक सामान्य माणसाचा शासनाशी जो नित्याचा संबंध येतो, तो संसदेशी नव्हे आणि विधिमंडळाशीही नव्हे. प्राथमिक शाळेचे गळके छप्पर, आरोग्य केंद्रातील डॉक्टरांची रिकामी खुर्ची, पावसाळ्यात चिखलात बुडणारा पाणंद रस्ता, अंगणवाडीतील आहार, जनावरांचा दवाखाना या साऱ्यांचा धागा जिल्हा परिषदेच्या कार्यालयात जाऊन पोहोचतो. म्हणूनच जिल्हा परिषदेच्या गटातून किंवा पंचायत समितीच्या गणातून उभे राहणे ही आमदारकीच्या वाटेवरील पहिली पायरी मानणे हा मोठा गैरसमज आहे. ते स्वतंत्र आणि तितकेच जबाबदारीचे कार्यक्षेत्र आहे.

महाराष्ट्राने हे कार्यक्षेत्र इतर अनेक राज्यांच्या आधी उभे केले. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची दिशा दाखविली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज सुरू झाले. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने २४ एप्रिल १९९३ पासून या व्यवस्थेला घटनात्मक अधिष्ठान मिळाले. अकराव्या अनुसूचीत २९ विषय नोंदविले गेले. महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले.

या साऱ्या व्यवस्थेचे मोल किती, हे ती नसताना कळले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिलेला निर्णय, त्यानंतरची गट-रचनेची आणि प्रभाग-रचनेची फेरफेरी व न्यायालयीन वाद यांत निवडणुका लांबल्या. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २४३-ई सांगतो. तरीही तीन वर्षे उलटून गेल्यावर, ६ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयालाच निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला.

प्रशासकांनी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेक मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी कारभार शिस्तीत चालविला. पण एक गोष्ट प्रशासकाच्या राज्यात होऊ शकत नाही. त्याला सर्वसाधारण सभेत उभे राहून कोणी प्रश्न विचारू शकत नाही. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांचे कामही त्या काळात लोकप्रतिनिधींविना चालले. जिल्हा नियोजन समितीतील किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून यावेत, अशी घटनेची अपेक्षा आहे. ते सदस्यच नसल्याने जिल्ह्याचा विकास आराखडा लोकांच्या आवाजाविना तयार होत राहिला. आश्चर्य याचे की, याविरुद्ध गावोगाव मोर्चे निघाले नाहीत. सुशिक्षित मध्यमवर्गाला तर या पोकळीची जाणीवही झाली नाही.

या उदासीनतेचे मूळ एका सोयीस्कर समजुतीत आहे. राजकारण गलिच्छ आहे, तेव्हा सज्जनाने त्यापासून दूर राहावे, ही ती समजूत. शाळा चालवावी, रक्तपेढी उभारावी, वनवासी पाड्यावर वसतिगृह काढावे. पण निवडणुकीला उभे राहू नये, असा सल्ला घरातील वडीलधारी मंडळी देतात. संस्थात्मक कामात मुरलेला कार्यकर्ताही बरेचदा हाच विचार करतो. परिणाम काय होतो? वसतिगृहाकडे जाणारा रस्ता कोणी करायचा, हे ठरविणारी खुर्ची मग ठेकेदाराच्या भावाकडे जाते.

ज्यांची नावे आदराने घेतली जातात, त्या पूर्वसूरींनी स्थानिक कारभाराकडे अशी पाठ फिरविलेली नव्हती. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये त्याच नगरपालिकेत निवडून गेले. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले, तेथे त्यांनी स्वच्छता समितीचे काम पाहिले आणि १९२४ ते १९२८ या काळात ते अध्यक्ष राहिले. संस्थाने विलीन करणाऱ्या पोलादी पुरुषाने गटारे आणि पाणीपुरवठा यांच्या नस्ती वाचण्यात कमीपणा मानला नाही. अलीकडच्या महाराष्ट्रातही गोपीनाथ मुंडे बीड जिल्हा परिषदेतून आणि आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून पुढे आले. पक्ष वेगळे, प्रकृती वेगळी. पण ग्रामीण प्रश्नांची दोघांची जाण ज्या मातीत घडली, ती माती एकच होती. पाटील पुढे ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, त्यामागे जिल्हा परिषदेतील दीर्घ अनुभव होताच.

तेव्हा उभे राहावे की नाही, हा प्रश्न नसून कशासाठी आणि कसे उभे राहावे, हा खरा प्रश्न आहे.

उमेदवारीची तयारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात होत नसते. ज्याला आपल्या गटातील गावे, वाड्या, वस्त्या पायी ठाऊक नाहीत, त्याने मते मागण्याची घाई करू नये. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. आपल्या गटात ते आहे काय? असल्यास तेथे रात्री प्रसूती होते काय? दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षक वर्षातील किती दिवस शाळाबाह्य कामात असतो? जलव्यवस्थापनाच्या योजनेत कागदावर नळ आलेले घर प्रत्यक्षात टँकरकडे पाहत बसते काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या वहीत आहेत, तोच खरा उमेदवार. जाहीरनामा त्या वहीतून आपोआप तयार होतो.

दुसरी कसोटी पैशाची. निवडणूक आयोगाने खर्चाची मर्यादा घालून दिलेली असते आणि ती कशी ओलांडली जाते, हे गावातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. जो जेवणावळी घालून निवडून येतो, तो पाच वर्षे त्या जेवणावळींचा खर्च वसूल करीत राहतो. जिल्हा परिषदेशी केलेल्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही, असे अधिनियम सांगतो. पळवाट मेव्हण्याच्या नावाने निघते. कायदा जेथे थांबतो, तेथून कार्यकर्त्याचे शील सुरू झाले पाहिजे. मोजक्या साधनांत, घरोघरी जाऊन लढविलेली निवडणूक कदाचित हरली जाईल. पण अशा पराभवाने उमेदवार कोणाचा मिंधा होत नाही आणि पुढच्या खेपेला तीच त्याची पुंजी ठरते.

तिसरी कसोटी महिला प्रतिनिधित्वाची. निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. पण सभेला सदस्या आणि निर्णयाला पतिराज, हे चित्र अजून पुसलेले नाही. गट महिलांसाठी राखीव झाला की कार्यकर्त्याच्या घरातही पत्नीचे नाव पुढे येते. ते नाव तिच्या स्वतःच्या कामावर आले असेल, बचत गटातून, शाळा व्यवस्थापन समितीतून आले असेल, तर स्वागतार्हच. केवळ जागा घरात राहावी म्हणून आले असेल, तर तो आरक्षणाच्या हेतूशी आणि त्या स्त्रीशीही केलेला अन्याय होय.

आरक्षणाच्या फिरत्या चक्राबद्दल अनेकांची तक्रार असते. पाच वर्षे गट बांधावा आणि पुढच्या सोडतीत तो हातचा जावा, हे मनाला लागते, यात संशय नाही. पण या चक्राने एक मोठा संस्कारही दिला आहे. गट ही कोणाची जहागीर नाही, ती पाच वर्षांपुरती सोपविलेली ठेव आहे. हे ज्याला उमगले, तो आपल्या मागे दुसरा कार्यकर्ता, दुसरी कार्यकर्ती घडवितो. ज्याला उमगत नाही, तो केवळ आपला फलक मोठा करीत राहतो.

जिल्हा परिषदेकडे आता उरले आहे काय, असा आक्षेप येतो. त्यात तथ्य आहे. १४ व्या वित्त आयोगाने आपला निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. १५ व्या आयोगाच्या काळात राज्यात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींचा आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेचा राहिला. गावाच्या हाती पैसा जाणे योग्यच. मात्र निधीवाटप हेच नेतृत्व, असे मानणाऱ्या सदस्याची त्यामुळे अडचण झाली. खऱ्या सदस्याची व्हायला नको. शाळांची गुणवत्ता, आरोग्य केंद्रांची हजेरी, कामांचा दर्जा यांवर समितीत बसून चिकाटीने प्रश्न विचारण्याला निधी लागत नाही, अभ्यास लागतो. हिवरे बाजारचे पोपटराव पवार यांच्याकडे सरपंचपदाहून मोठी सत्ता नव्हती. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून, त्यानुसार पिके ठरविण्याची शिस्त गावाला लावण्यास ती पुरेशी ठरली.

निवडून आल्यानंतरचा आदर्शही दूर शोधावा लागत नाही. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून विधानसभेवर गेले, पुढे ठाण्यातून लोकसभेत गेले. आपण वर्षभरात काय केले, याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. कोणत्याही कायद्याने तो त्यांना बंधनकारक केला नव्हता. आज संगणक आणि भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हाती आहे. किती सभांना हजर राहिलो, किती प्रश्न विचारले, कोणते काम झाले आणि कोणते का रखडले, एवढे चार पानांत लिहून प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखविणे कोणत्याही सदस्याला अशक्य नाही. अडचण साधनांची नसून रखडलेल्या कामाची कबुली देण्याच्या धैर्याची आहे.

समाजसेवेच्या क्षेत्रात वर्षानुवर्षे निरपेक्षपणे राबलेल्या अनेक कार्यकर्त्यांपाशी हे धैर्य आहे, माणसे जोडण्याची हातोटी आहे आणि साधेपणाची सवय आहे. कुटुंबांनी त्यांना मागे खेचू नये. ज्यांना उभे राहायचे नाही, त्यांनी निदान सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागावे, अंदाजपत्रक वाचावे आणि आपल्या सदस्याला वर्षातून एकदा तरी दारात उभे करून हिशेब विचारावा. विचारणारे मतदार आणि उत्तर देणारे सदस्य ज्या गटात आहेत, तेथील शाळेचे छप्पर फार दिवस गळत राहत नाही.