सुताराचा बाक आणि कृतीचे गद्य

'छंद' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत आणि मराठीच्या वर्गात त्यांतला एकच शिकवला जातो. ओवी-अभंगांच्या अक्षरसंख्येत सापडतो तो पहिला. फावल्या वेळी माणसाला जे धरून ठेवते तो दुसरा. हा दुसरा छंद आपण नेहमीच काहीसा हलका मानत आलो. अर्जातल्या शेवटच्या रकान्यात 'वाचन, प्रवास' असे लिहून मोकळे व्हावे, एवढीच त्याची पत. आम्हांला बोलायचे आहे ते या दुसऱ्या छंदाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने मराठी गद्याच्या एका जुन्या दुखण्याविषयी.

निमित्त अगदी घरगुती आहे. वडीगोद्रीला, म्हणजे अंबड तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गाच्या काठी, आम्ही घराच्या पडवीत सुतारकामाचा एक बाक केला. बसायचा बाक नव्हे. ज्यावर लाकूड आवळून उभ्याने तासायचे, कापायचे, तो मेजासारखा भक्कम बाक. त्याआधी आमच्या छंदाची मजल पुस्तकांची एक मांडणी, एक तिपाई आणि कधीच नीट न मिटलेले एक फडताळ येथवर होती. फडताळ मिटत नव्हते याचे कारण लाकूड धरायला धड जागा नव्हती, असा आम्ही निष्कर्ष काढला. (तो पूर्ण खरा नव्हता, हे पुढे कळले.)

पहिला बाक चित्रफिती पाहून केला. चार पाय, वर प्लायवूड, सगळे जोड स्क्रूने आवळलेले. त्यावर दोन माणसे उभी राहिली तरी तो वाकला नाही. पण रंधा लावला मात्र, आणि बाक बोटीसारखा डुलू लागला. हे असे का होते, हे समजायला आम्हांला एक पावसाळा लागला. बाकावर वरून पडणारे वजन ही मुळी अडचणच नसते. रंधा आडवा ढकलतो, पुन्हा मागे येतो, पुन्हा ढकलतो. ही ये-जा प्रत्येक जोडाला दोन्ही बाजूंनी हिसके देते. स्क्रू लोखंडाचा, भोक लाकडाचे. हिसके बसत गेले की भोक झिजते आणि स्क्रू जागच्या जागी सैल होतो. तो पुन्हा आवळून उपयोग होत नाही, कारण ज्याला धरायचे तेच उरलेले नसते.

दुसऱ्या बाकाचे लाकूड माळवदातून आले. मराठवाड्यातली माळवदाची घरे एकामागून एक उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅब पडत आहेत. खांब, तुळया, दारांच्या चौकटी विकायला निघतात. दोन-तीन पिढ्या छपराखाली सुकलेले लाकूड नव्या लाकडासारखे वाकत-पिळत नाही. मात्र करवत लावण्यापूर्वी त्यात दडलेले खिळे शोधावे लागतात, नाहीतर करवतीचे दात जातात. खांबांतून चार इंच चौरस पाय निघाले. फळा तीन इंच जाड, साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद. उंची ठरवायला टेप लागली नाही: सरळ उभे राहून हात खाली सोडावेत, मनगट जिथे येते तिथे फळा यावा. पायांना जमिनीलगत आडव्या पट्ट्या दिल्या आणि त्यांची कुसे पायांतून आरपार काढून बाहेरून पाचरी ठोकल्या. येथे स्क्रू नाही, सरस नाही. चैत्र-वैशाखात लाकूड आटले की पाचरेवर एक ठोका द्यावा, जोड पुन्हा घट्ट. फळा मात्र सगळीकडून जखडू नये. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत पावसाळ्यात फुगते; म्हणून पुढच्या बाजूच्या मेखा घट्ट आणि मागची भोके लांबट ठेवली. बाक एकट्याने हलत नाही, आणि रंध्याखाली डुलत नाही.

हे सगळे आम्हांला कोणी शिकवले? गावातल्या एका वृद्ध सुताराने. आता ते काम करत नाहीत. मुले दुसऱ्या धंद्यांत आहेत. ते आले, बाकाकडे बघून हसले आणि म्हणाले, "सर, उभ्यानं रंधा मारता? मग पाय कशाला दिले देवानं?" प्रश्न विनोदाचा नव्हता. आपल्याकडचा सुतार परंपरेने जमिनीवर बसून, पायांनी लाकूड धरून काम करत आला. टाच, चवडा, गुडघा हाच त्याचा शेगडा. उंच बाक हा युरोपातून आलेला; तिथे लाकूड मेजावर आवळून दोन्ही हात मोकळे ठेवण्याची रीत. आमच्या गुडघ्यांना मांडी घालून चार तास तासणे झेपत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. त्यावर बाबांनी फळ्यावरचा तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. "लाकूड उलटं धरलंय. झाड कोणीकडं वाढलं ते पाहा, तिकडंच रंधा लावा. तुमच्या पुस्तकात नसंल हे."

ते पुस्तकात होते. इंग्रजी पुस्तकात होते. मराठीत आम्हांला ते सापडले नाही, आणि आमच्या म्हणण्याचा गाभा हाच आहे.

मराठीत शब्द नाहीत, हा आरोप सपशेल खोटा आहे. मोल्सवर्थचा कोश (1831, सुधारित आवृत्ती 1857) उघडावा. वाकस, किकरे, पटाशी, सामता, कुसू असे शब्द पानोपानी भेटतात. शब्द आहेत; त्यांना चालवणारी वाक्ये नाहीत. वाकस म्हणजे काय हे कोश सांगतो, पण तो कसा धरावा, किती उंचावरून सोडावा, ढलपी कशी पडली म्हणजे हात बरोबर चालला असे समजावे, हे सांगणारा परिच्छेद कुठे आहे? त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (1915) हा बलुतेदारीवरचा आपला आधारग्रंथ. त्यात कोणाचे काम काय, कोणाला काय मिळते, कोठे तक्रार आहे, हा सारा हिशेब येतो. पण तो प्रामुख्याने हिशेबच आहे. सुतार त्यात देवघेवीतला एक पक्ष म्हणून येतो. त्याचा हात त्यात येत नाही.

त्याहून बोलका पुरावा आपल्या वाक्प्रचारांत आहे. पाचर मारणे म्हणजे काम अडवणे. मेख मारणे, तेच. डोक्याला गिरमिट लावणे म्हणजे छळणे. सुताराच्या घरात पाचर जोड धरून ठेवते, मेख फळा बसवते, गिरमिट जागा करून देते. आपल्या भाषेत मात्र ही सगळी हत्यारे खलनायक झाली. आमचा तर्क असा की हे वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी रूढ झाले, त्यांनी पाचर ठोकलेली पाहिली होती, ठोकली नव्हती. लाकूड दुभंगताना दिसते. जोड टिकून राहिलेला दिसत नाही, तो वापरावा लागतो. या तर्काला भाषाशास्त्राचे पाठबळ आहे असा आमचा दावा नाही. पण विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावा असा तो आहे.

कृतीचे गद्य मराठीच्या प्रकृतीलाच मानवत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर फार दूर नाही. आमच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब आहे, रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसे वळवावे, ओळींत अंतर कसे राखावे, लेखणी, शाई, कागद यांची सिद्धता कशी करावी, याचे ते नुसते कौतुक नाही, तो पाठ आहे. वाचणाऱ्याने बोरू उचलावा आणि लागलीच बसावे. आम्ही वर्गात दासबोध शिकवतो तेव्हा भक्ती, प्रपंच, राजकारण यांवर तास घालवतो आणि हा समास 'किरकोळ' म्हणून ओलांडतो. विध्यर्थाचा असा सलग, कामाचा उपयोग मराठीत किती जागी आहे? व्याकरणाच्या तासाला उदाहरणे शोधत फिरण्यापेक्षा हा समास फळ्यावर घ्यावा.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (1970) आपण साहित्य मानत नाही. पण वाटी आणि चमचा या घरातल्या मापांवर उभे राहिलेले ते गद्य हजारो घरांत वाचून लगेच अमलात आणले गेले. ज्या गद्याची परीक्षा दुपारच्या जेवणात होते, त्यात ढिलाई चालत नाही. असे पुस्तक स्वयंपाकाचे होऊ शकले आणि सुताराचे झाले नाही, याचे कारण आम्हांला उघड दिसते. स्वयंपाक करणारी बाई शिकली आणि लिहिणारा हात व करणारा हात एक झाला. सुताराच्या बाबतीत तसे झाले नाही. जो शिकला तो सुतारकामातून बाहेर पडला. बहुधा बाहेर पडण्यासाठीच शिकला, आणि त्याबद्दल त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणाला नाही. बलुत्याच्या पायल्या मोजत उभे राहणे काय असते, हे ज्यांनी सोसले त्यांनाच ठाऊक.

अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रूबो नावाचा माणूस होऊन गेला. बाप सुतार, आजा सुतार, स्वतः सुतार. 1769 पासून पुढे काही वर्षांत त्याचा सुतारकामावरचा ग्रंथ खंडाखंडाने निघाला, तोही तिथल्या विज्ञान अकादमीच्या मालिकेत. आज जगभरचे हौशी लोक ज्याला 'रूबोचा बाक' म्हणतात, तो त्या ग्रंथातला. आमच्या बाकाची जाडी आणि पायांची ठेवण शेवटी तिथूनच आली, हे कबूल केले पाहिजे. रूबो हुशार होता हे खरेच. पण सुताराला ग्रंथकार म्हणून बसायला कोणीतरी जागा दिली, ही गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे अशी जागा अगदीच नव्हती असे नाही. लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्यातून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि पुढे त्याचे 'किर्लोस्कर' हे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून शाळेतल्या मुलांच्या हाती हत्यारे दिली. पण मराठी विभागांना या घटना आपल्या वाटल्या नाहीत. मासिक वाङ्मयेतिहासात गेले, कारखाना बाहेर राहिला. हत्यारे कार्यानुभवाच्या तासाला गेली, भाषा भाषेच्या तासाला राहिली.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पदवीच्या मराठीच्या विद्यार्थ्याला वर्षातून एक लेखन असे द्यावे: गावातल्या एका कारागिराकडे बसून एक कृती पाहावी, त्याच्या शब्दांत लिहावी, आणि ती न पाहिलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने ते लिखाण वाचून करून दाखवावी. गुण तिथे द्यावेत. यात सुताराचे वर्णन करणारे ललित लेख नकोत. घामाच्या थेंबांवर आणि लाकडाच्या वासावर आपण पुरेसे लिहिले आहे.

यात एक अडचण आहे आणि ती आम्हांला टोचते. हौशी माणूस सुतारकाम करतो तेव्हा ते छंद होते. सुताराने केले तेव्हा ती जात होती. आमच्या बाकाचे कौतुक होते. बाबांनी गावाला अर्धे आयुष्य औते पुरवली, त्याचे झाले नाही. त्यांचे ज्ञान आमच्या नावाने छापले जाणे हा पुन्हा एकदा बलुत्याचाच व्यवहार होईल, फक्त यावेळी धान्यही न देता. यावर आमच्यापाशी पुरते उत्तर नाही. निदान सांगणाऱ्याचे नाव, त्याची संमती असेल तर, लिहिणाऱ्याच्या नावाआधी यावे, आणि छापलेल्यातले मोल त्याला मिळावे, एवढे तरी ठरवता येईल.

बाकाची कृती आम्ही दहा पानांत लिहून काढली आणि बाबांना वाचून दाखवली. त्यांनी दोनदा थांबवले. एकदा कुसाच्या मापाला: आम्ही पायाच्या जाडीचा अर्धा भाग लिहिला होता, ते म्हणाले, तिसरा भाग लिहा, अर्ध्याला कडा फुटतात. दुसऱ्यांदा, पाचर 'पुरेशी घट्ट' ठोकावी असे वाक्य आले तेव्हा. "पुरेशी म्हणजे किती, सर?" आम्ही म्हटले, तुम्हीच सांगा. त्यांनी हातोडी मागितली, पाचरेवर तीन ठोके दिले आणि ऐका म्हणाले. तिसऱ्या ठोक्याचा आवाज बदलला होता. ते वाक्य आम्ही अजून लिहितो आहोत.