मधल्या सीटचा हक्क

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. घराण्यात पहिल्यांदाच विमानात बसणारे आता इथूनही निघतील.

त्यांच्या सवयीच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की चौथा टेकतो. विमानात सरकायला जागाच नाही. एअरबस ए-३२० मध्ये तीन सीटच्या रांगेत हात टेकायला दांड्या चार आणि कोपरं सहा! खिडकीवाल्याला भिंतीचा आधार, कडेच्याला पाय मोकळे करायला वाट. मधला मात्र दोन्हीकडून दाबलेला. म्हणून आतल्या दोन्ही दांड्या त्याच्याच, हा अलिखित शिरस्ता रास्तच आहे.

शेजाऱ्याचं कोपर झोपेत आलंच, तर ‘दादा, जरा हात घेता का?’ एवढं पुरतं.