वाघिणीवरची अक्षरे

आपले नाव कोठे तरी उमटून राहावे, ही इच्छा माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. कोणी ते शिळेवर कोरतो, कोणी ग्रंथरूपाने मागे ठेवतो. आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नाही, तो गडाच्या तटावर खिळ्याने ओरखडतो. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली एका प्राचीन चित्रावरच आपले नाव ओरखडून ठेवले. नाव राहावे ही इच्छा वाईट नव्हे. परंतु ती कोठे व कोणत्या मोलाने पुरी करावी, याचा विचार मात्र प्रत्येकाने केला पाहिजे. अमेरिकेत मालगाड्यांच्या डब्यांवर जे रंगलेखन चालते, त्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

तेथील ही प्रथा बरीच जुनी आहे. रेल्वेचे कामगार आणि मालगाडीत लपून गावोगाव हिंडणारे भटके मजूर डब्यांच्या बाजूंवर खडूने लहानशी खूण काढीत. ‘हर्बी’ अशी सही करणारा सेंट लुई शहरातील एक रेल्वे कामगार, ताडाच्या झाडाखाली मोठी टोपी डोळ्यांवर ओढून झोपलेला मनुष्य रेखाटीत असे. पुढे फवाऱ्याच्या रंगाचे डबे आले आणि चित्र पालटले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे नावांनी व चित्रांनी भरून गेली. रंगविलेली गाडी धुतल्यावाचून प्रवाशांसाठी बाहेर काढायची नाही, असा नियम तेथील अधिकाऱ्यांनी केला व १९८९ पर्यंत सर्व डबे स्वच्छ केले. तेव्हा अनेक रंगलेखक मालगाड्यांकडे वळले. मालगाडीचा डबा कोणी सहसा धूत नाही. त्यावरचे चित्र वर्षानुवर्षे टिकते आणि हजारो मैल फिरते. घरी बसून आपले नाव देशभर हिंडावे, हा मोह तरुण मनाला पडला तर त्यात नवल नाही.

परंतु डब्याची ती बाजू दिसते तशी कोरी नसते. मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात. भारतीय रेल्वेच्या वाघिणीवर अकरा अंकांचा क्रमांक असतो. पहिल्या दोन अंकांवरून वाघिणीचा प्रकार, पुढच्या दोहोंवरून ती कोणत्या विभागाच्या मालकीची आहे हे, आणि त्यापुढच्या दोहोंवरून तिच्या बांधणीचे वर्ष समजते. नंतरचे चार अंक तिचे स्वतःचे असतात. शेवटचा एकच अंक आधीचे दहा बरोबर लिहिले गेले आहेत की नाहीत, हे पडताळण्यासाठी असतो. याखेरीज वाघिणीचे रिकामे वजन, ती किती भार वाहू शकेल आणि तिची दुरुस्ती केव्हा झाली, हेही तेथेच लिहिलेले असते. अमेरिकेतील डब्यांवरही अशाच खुणा असतात. धोकादायक द्रव वाहणाऱ्या टाकीवरील फलकावर १२०३ हा आकडा दिसला, की आत पेट्रोल आहे हे अग्निशामक दलाचा जवान दुरूनच ओळखतो. अपघाताच्या वेळी तो आकडा रंगाखाली झाकला गेला असेल, तर त्या जवानाने काय करावे?

आणखी एक गोष्ट आहे. रात्रीच्या अंधारात फाटकावरून मालगाडी जात असता तिचे काळसर डबे मोटारचालकाला दिसत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या सरकारने २००५ मध्ये नियम करून डब्यांच्या बाजूंवर पिवळ्या किंवा पांढऱ्या चमकत्या पट्ट्या लावणे आवश्यक केले. मोटारीच्या दिव्याचा प्रकाश त्यांवर पडताच त्या झळकतात व चालक सावध होतो. या पट्टीवर रंगाचा एक फवारा उडाला, की ती आंधळी होते. रंगविणारा केव्हाच घरी जाऊन झोपलेला असतो. परंतु त्याच्या हौसेचे मोल शेकडो मैल दूर असलेल्या, त्याने कधीही न पाहिलेल्या माणसाला द्यावे लागते.

रंगविणाऱ्याच्या स्वतःच्या जिवालाही धोका असतोच. यार्डात स्तब्ध उभी असलेली मालगाडी निर्जीव वाटते. पण ती केव्हा हलेल याचा नेम नसतो. दोन डब्यांच्या प्रत्येक जोडात थोडा सैलपणा ठेवलेला असतो. दूरवर इंजिनाने ओढ घेतली, की तो सैलपणा एकामागून एक ताणला जातो व धक्का गडगडत शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचतो. दोन डब्यांमधून वाट काढणाऱ्याला मागे सरण्यासही अवधी मिळत नाही. काही मोठ्या यार्डांत उंचवट्यावरून डबे सुटे सोडतात. ते उतारावरून आपल्याच वजनाने घरंगळत येतात. त्यांच्या पुढे इंजिन नसते, की शिट्टी नसते. भारतातील विद्युत मार्गांवर डब्यांच्या वर २५,००० व्होल्टची तार असते. डब्यावर चढलेल्याचा हात तिला लागावा लागत नाही. तो पुरेसा जवळ गेला तरी वीज हवेतून झेप घेते.

चालत्या गाडीचे तर विचारूच नये. ताशी नव्वद किलोमीटरच्या सुमारास धावणारी भरलेली मालगाडी थांबायला दीड किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर घेते. रुळावरचा मुलगा चालकाला दिसतो, तो शिट्टी वाजवितो, ब्रेक लावतो; पण गाडी पुढे जातच राहते. त्या क्षणाची आठवण त्या निरपराध माणसाला जन्मभर सोडीत नाही.

कोणी म्हणेल, “यांतील काही चित्रे खरोखर सुंदर असतात. शिवाय डब्याचा क्रमांक झाकायचा नाही, असा संकेत अनेक रंगलेखक पाळतात.” हे खरे आहे. ज्याच्या हातात कला आहे, त्याला कलावंत न म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु क्रमांक वाचला तरी पट्टी झाकली जाते आणि यार्डातील धोका तसाच राहतो. कोणी त्याला धाडस म्हणेल. धाडस रेल्वेच्या गँगमनच्याही अंगी असते. भर पावसात, मध्यरात्री, कंदील घेऊन तो रूळ तपासीत मैलोगणती चालतो. त्याचे नाव कोठेही लिहिलेले नसते. पण त्याच्यामुळे हजारो प्रवासी सुखरूप घरी पोहोचतात. स्वतःच्या नावासाठी जीव धोक्यात घालणे आणि दुसऱ्याच्या जिवासाठी कष्ट सोसणे, यांत फार अंतर आहे.

वाघिणीवरची अक्षरे पुसणे किंवा बदलणे हा आपल्याकडे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. तथापि केवळ शिक्षेच्या भयाने ही हौस आवरावी, असे नाही. तिला योग्य जागा मिळाली पाहिजे. बिहारमधील मधुबनी स्थानकाच्या भिंतींवर २०१७ मध्ये तेथील कलावंतांनी मिथिलेची चित्रे काढली. आपल्या चंद्रपूर व बल्लारशा स्थानकांच्या भिंतींवरही ताडोबाच्या रानातील प्राणी अवतरले आहेत. ती चित्रे काढणाऱ्यांना अंधाराचा आडोसा घ्यावा लागला नाही. शाळांनी, नगरपालिकांनी आणि रेल्वेने अशा भिंती मुलांसाठी मोकळ्या केल्या, तर कितीतरी हात यार्डाकडे वळायचे थांबतील. आणि ज्याच्या हातात रंग आहे, त्यानेही हात उचलण्यापूर्वी एवढे पाहावे, की या जागेवर दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे काही आधीच लिहिलेले तर नाही ना.